एका नंबरावरची तीन माणसं

आमच्या रक्तदात्यांच्या यादीवर एके सकाळी एक पिवळी पट्टी उगवली. तुमच्या नोंदींची मर्यादा संपत आली आहे, असं तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं. गटातल्या बाकीच्यांनी ती पाहिली आणि फुलीवर बोट ठेवून घालवून दिली. मला ती घालवता येईना. लिहून आलेल्या इशाऱ्याला मी घाबरते. हे घरातूनच आलंय.

माझे बाबा पत्रकं काढायचे. नायगावच्या चाळीतल्या आमच्या एका खोलीत खाटेखाली ट्रंका नसत, पत्रकांचे गठ्ठे असत. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली, आणि गिरवून झाली की कागद उलटून पुढची बाजू वाचली. पाणी तोडल्याचा निषेध. शिष्यवृत्ती अडवल्याचा निषेध. स्मशानाच्या रस्त्यासाठी मोर्चा. बरीच वर्षं मला वाटायचं की जगात छापलेलं सगळं ‘बंधू-भगिनींनो’ असंच सुरू होतं. पत्रकं कमी पडली तर बाबा परत प्रेसवर जायचे, उधारीवर आणखी काढून आणायचे. कागद संपला म्हणून त्यांनी एखादा मजला सोडून दिलाय, असं मी कधी पाहिलं नाही.

आमची यादी मात्र कागदावर नव्हती. कॉलेजात असताना आम्ही पाच जणांनी ती सुरू केली ती इंटरनेटवरच्या एका तयार डेटाबेसमध्ये. फुकट मिळतो, फोनवर उघडतो, पाचही जणांना एकाच वेळी दिसतो. परळच्या हॉस्पिटलांत अख्ख्या महाराष्ट्रातून माणसं येतात आणि फुटपाथवर झोपून रक्तासाठी वणवण करतात, हे आम्ही लहानपणापासून पाहत होतो. म्हणून चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्या चाळींत आणि गणपतीत लालबागच्या चाळींत जिथे जिथे रक्तदान शिबिर असेल, तिथे कोपऱ्यात टेबल टाकून बसायचं आणि रक्त देऊन आलेल्याला विचारायचं, पुन्हा गरज लागली तर बोलावू का? हो म्हणाला की नाव, गट, पत्ता, फोन. आमच्या चाळींतल्या आणि लालबागच्या कोकणी घरांची एकत्र अशी ती या भागातली एकच यादी असेल. मला तिचा अभिमान होता.

फुकटच्या यादीला ठरावीक ओळी मिळतात. त्या भरल्या की फॉर्म बंद. नवा माणूस नाव द्यायला आला तर त्याला करड्या अक्षरांत कळतं की हा फॉर्म सध्या नोंदी घेत नाही.

गटात या कामातलं खरं कळणारी एकच, माझी शाळेपासूनची मैत्रीण. लोअर परळच्या एका कंपनीत ती दिवसभर असल्याच याद्या सांभाळते.

“ह्याला माणूस कळत नाही गं,” ती म्हणाली. “ओळ म्हणजे ओळ. माणसाची असो नाहीतर चहाच्या बिलाची.”

मग तिने ओळी वाचवायला सुरुवात केली. आधी आम्ही प्रत्येक रक्तदानाची वेगळी ओळ करत होतो. एकाने पाच वेळा रक्त दिलं की पाच ओळी. तिने त्या सगळ्या मोडून माणसाच्या ओळीतच ‘शेवटचं रक्तदान’ असा एक रकाना केला. पाठवलेल्या मेसेजच्या नोंदी दुसरीकडे हलवल्या. जागा झाली. गणपती आले, चार शिबिरं झाली, जागा पुन्हा भरली. यादीचे दोन तुकडे करून दोन खात्यांत ठेवावेत असंही मी सुचवलं. “घाईत तू एकातच शोधणार आणि दुसरं विसरणार,” ती म्हणाली. ते पटलं.

पैसे भरून मोठी जागा घेता आली असती. पण तिथे दर माणशी, दर महिन्याला, डॉलरमध्ये मोजावे लागत होते, आणि आमच्यातल्या दोघांची नोकरी त्याच सुमारास गेली होती. ही अडचण कुठून तरी एका नेत्याच्या ऑफिसपर्यंत पोचली आणि तिथला एक कार्यकर्ता आमच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

“ताई, साहेब वर्षाचं भरून टाकतील. टेन्शनच नाय. तुम्ही फक्त फॉर्मच्या वर साहेबांचा फोटो टाका. आणि एक कॉपी आमच्या ऑफिसला.”

“कॉपी कशाला?”

“वाढदिवसाला मेसेज टाकायला.”

“कुणाच्या वाढदिवसाला?”

तो हसला. “दोघांच्या.”

त्या आठवड्याच्या बैठकीत मी एक पानभर लिहून नेलं आणि वाचून दाखवलं. लोकांनी आपला नंबर रक्तासाठी दिलाय, मतासाठी नाही. ज्याच्या हातात यादी जाईल तो उद्या हेही बघेल की कुठल्या चाळीतलं कोण कुठल्या गटाचं, आणि मला रक्ताचा गट म्हणायचा नाही.

“बंधू-भगिनींनो राहिलं वरती,” मैत्रीण म्हणाली. सगळे हसले, पण हात सगळ्यांनी वर केले. कार्यकर्त्याला नाही कळवलं. तो निर्णय बरोबर होता असं मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. पुढचं सांगताना हे सोडून द्यायचं नाहीये मला.

उरला एकच उपाय. एकच माणूस दरवर्षी शिबिराला येतो आणि दरवर्षी नव्याने नाव देतो. एका वर्षी पूर्ण नाव, दुसऱ्या वर्षी नुसतं आडनाव, तिसऱ्या वर्षी इंग्रजीत. अशा दुबार ओळी शेकड्यांनी होत्या. नावं जुळत नव्हती, पत्ते जुळत नव्हते. जुळत होता तो फक्त फोन नंबर. डेटाबेसमध्येच एक सोय होती: एका नंबराच्या सगळ्या ओळी शोधायच्या, पहिली ठेवायची, बाकीच्या काढायच्या. बैठकीत कुणालाही त्यात खोट दिसली नाही. मैत्रिणीच्या कंपनीत रोज हेच करतात. एक नंबर, एक गिऱ्हाईक.

रविवारी दुपारी तिच्या घरी बसून ते केलं. आकडा भराभर खाली येत गेला. पट्टी हिरवी झाली. तिने हात वर करून आळस दिला.

मी मात्र तो आकडा पुन्हा वाचला. “कुठे गेले गं एवढे?”

“कुठे जाणार? होतेच एक.”

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, एका कामाच्या दिवशी सकाळी हॉस्पिटलातून फोन आला. तिथल्या समाजसेवा विभागातल्या बाई आमच्या ओळखीच्या. त्या कधी घाई करत नाहीत. त्या दिवशी त्यांनी नमस्कारसुद्धा केला नाही.

“बॉम्बे आहे का तुमच्याकडे?”

बॉम्बे हा रक्तगट आहे. साध्या तपासणीत तो ओ सारखा दिसतो, आणि तोच त्यातला धोका आहे, कारण या माणसाला ओ चं रक्तसुद्धा चालत नाही. त्याला त्याच्याच गटाचं रक्त लागतं, आणि तो गट हजारो माणसांत एखाद्याचा असतो. बाळंतपणासाठी कणकवलीकडून आणलेली एक मुलगी होती. माझ्याच वयाची. गर्भाशयातली वार खाली सरकली होती आणि थांबून थांबून रक्त जात होतं. सिझर करायचं तर रक्त हाताशी हवं. त्याशिवाय डॉक्टर टेबलावर घेणार नव्हते. बाहेरच्या गटांनाही हॉस्पिटलने विचारलं होतं. एक दाता दुसऱ्या राज्यात मिळाला होता, तो परवा पोचणार होता.

“उद्या सकाळपर्यंत ओढू, असं डॉक्टर म्हणतायत,” बाई म्हणाल्या. “परवापर्यंत नाही.”

मी जवळजवळ ओरडलेच, “आहेत, तीन आहेत!”

मला ते तिघं डोळ्यांसमोर दिसत होते. लालबागच्या एका चाळीतल्या गणपतीच्या शिबिरात आलेली भावंडं, दोन भाऊ आणि मधली बहीण. पुढे तपासणीत तिघंही बॉम्बे निघाले, तेव्हा रक्तपेढीच्या माणसाने आनंदाने आम्हाला फोन केला होता आणि आम्ही पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. धाकटा म्हणाला होता, “म्हणजे आम्ही रेअर? आई तर म्हणते मला कोंडवाड्यातून आणला.” तेव्हाच त्याने सांगितलं होतं की चाळ पाडणार आहेत, सगळे पांगणार. तो कुठे जाणार आणि बहिणीचं सासर कुठे, हे मी त्यांच्या त्यांच्या ओळीत शेऱ्याच्या रकान्यात स्वतः टाइप केलं होतं.

फोन कानाला तसाच ठेवून मी यादी उघडली. गटात बॉम्बे निवडलं.

एक ओळ आली. मोठा भाऊ. पत्ता पाडलेल्या चाळीचा. शेऱ्याचा रकाना रिकामा.

मी पुन्हा शोधलं. मग तिसऱ्यांदा शोधलं. एक.

शिबिराच्या दिवशी तिघांनी मोठ्या भावाचा नंबर दिला होता. आमच्याकडे असंच चालतं. शिबिराला घरची माणसं एकत्र येतात आणि घराचा म्हणून एक नंबर देतात. बहिणीचा द्यायचा तर सासरी विचारावं लागतं, धाकट्याचं सिम दर सहा महिन्यांनी बदलतं. मोठ्याचा नंबर म्हणजे घराचा दरवाजा. आम्ही तो एका माणसाचा धरला होता.

तो नंबर बंद होता. रक्तपेढीकडेही तोच होता आणि तिथली माणसंही सकाळपासून तोच लावत होती.

मैत्रीण ऑफिसातून खाली उतरली तेव्हा मी फुटपाथवर तिची वाट बघत उभी होते. तिने तिथेच, एका दुचाकीच्या सीटवर लॅपटॉप ठेवून उघडला. काढलेल्या ओळी परत आणायची मुदत थोड्याच दिवसांची असते, फुकटवाल्यांना तर आणखी कमी. ती कधीच उलटून गेली होती. तिने तरी सगळीकडे पाहिलं. मग तिच्या स्वतःच्या लॅपटॉपवर तिला एक फाइल सापडली: ओळी काढण्याआधी तिने कुठला नंबर किती वेळा आलाय तेवढं मोजून ठेवलं होतं. नंबर होते, माणसं नव्हती.

ती ती फाइल खाली खाली सरकवत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

“हा नंबर एकवीस वेळा आहे,” ती म्हणाली. “एकवीस वेळा कोण रक्त देतं गं?”

कुणीच नाही. तो एखाद्या चाळीच्या चिटणीसाचा नंबर असणार. अख्ख्या मजल्याने दिलेला. मजलाच्या मजला आम्ही एका माणसात गुंडाळून ठेवला होता.

“साहेबांचे पैसे घेतले असते तर हे झालंच नसतं,” ती म्हणाली. ती रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. “तुझं तत्त्व आता त्या मुलीच्या आईला जाऊन सांग.”

“सांगेन. आधी रक्त शोधू.”

असं म्हटलं खरं, पण तिचं ते वाक्य दिवसभर माझ्या छातीवर बसून होतं.

लालबागला त्या चाळीच्या जागी पत्रे ठोकलेले होते आणि आत खड्डा होता. पत्र्यांच्या समोरच्या बाजूला एक पोळीभाजी केंद्र. तिथल्या काकी त्याच चाळीतल्या, हे पाटीवरूनच कळत होतं, कारण केंद्राला त्यांनी चाळीचं नाव दिलं होतं. आम्ही तिघा भावंडांचं विचारलं. त्यांनी पोळी तव्यावरून न काढताच आम्हाला आपादमस्तक पाहिलं.

“कशाला हवेत? कुठल्या बँकेच्या तुम्ही?”

“बँकेच्या नाही काकी, रक्ताच्या.” मैत्रिणीने सगळं सांगितलं.

“नावं लिहून नेलीत ना त्यांची? पेढे पण दिलेत. मी खाल्लाय त्यातला.”

“एकाचंच राहिलं,” मी म्हणाले. “बाकीची दोन निघून गेली. कॉम्प्युटरमधून.”

“तिघं होती ती. तिघं शेजारी शेजारी बसून जेवायची माझ्याकडे.” त्यांनी तवा उतरवला. “मोठा बोटीवर गेलाय, त्याचा फोन कुठला लागणार! तिथे समुद्रात टॉवर आहे काय?”

नंबर त्यांच्याकडे धाकट्याचा होता, तोही बंद निघाला. त्याने सिम बदललं होतं. तो शीव कोळीवाड्याला भाड्याने राहतो एवढं त्यांना ठाऊक होतं, गल्ली नाही. बहीण मात्र गिरगावात, फणसवाडीत दिली होती. काकी तिच्या डोहाळेजेवणाला जाऊन आलेल्या, पण इमारतीचं नाव त्यांना आठवेना. त्यांनी चाळीच्या जुन्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मोठ्या आवाजात निरोप बोलून पाठवला, आणि क्षणात उत्तरं येऊ लागली. कुणी हात जोडल्याची चित्रं टाकली, कुणी विचारलं काकींना काय झालं, कुणी ‘रक्ताची अत्यंत गरज’ असा भलत्याच शहरातला जुना मेसेज पुढे ढकलला. काकी एकेक वाचून कपाळावर हात मारत होत्या. “मेल्यांनो, पत्ता द्या, पत्ता! नमस्कार काय करताय!”

पत्ता आला. आम्ही टॅक्सीने गिरगावात गेलो.

बहीण दारात उभी राहिली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी तिचा हात धरला. तिने ऐकलं, आत जाऊन मूल सासूकडे दिलं आणि चपला घातल्या. सासू मागून म्हणाली, “अगं, चहा तरी घेऊ दे त्यांना.” ती म्हणाली, “आल्यावर.” एवढंच. टॅक्सीत ती आम्हाला धीर देत होती.

रक्तपेढीत तिच्या बोटाला सुई टोचली. हिमोग्लोबिन कमी निघालं. घेता येणार नाही, असं तिथल्या डॉक्टर म्हणाल्या.

“दुसऱ्या बोटाचं बघा,” ती म्हणाली.

“सगळ्या बोटांत एकच रक्त असतं हो.”

“थोडं कमी घ्या मग.”

डॉक्टरांनी मान हलवली. ती उठेना. तिथेच बसून राहिली आणि मुकाट्याने रडायला लागली, जणू नापास झाली होती.  रक्त मिळालं, असं टॅक्सीत मी मनातल्या मनात त्या मुलीच्या आईला सांगूनसुद्धा टाकलं होतं.

मुलीची आई वॉर्डाबाहेर जमिनीवर बसली होती. मला टाळता येईना. मी दिसताच ती भिंतीला धरून उठली.

“रगत गावला काय गो बाय?”

“मिळेल, मावशी. शोधतोय.”

“माझ्या चेडवाक काय होवचा नाय मा?”

 बाबांच्या पत्रकांत प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं, शेवटी मागण्या असायच्या, त्यांना क्रमांक असायचे. इथे मागायचं कुणाकडे? दाराच्या फटीतून आतली खाट दिसत होती आणि खाटेच्या पायथ्याशी एक परिचारिका चादर बदलत होती. काढलेली चादर तिने पटकन गोळा करून खाली ठेवली, तरी मला दिसली.

बहिणीकडे धाकट्याचा नवा नंबर होता. तो वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. वडाळ्याला एका गोदामात तो कामाला, आणि तिथे आत जाताना फोन पेटीत ठेवून घेतात, हे तिने सांगितलं. गोदामाचं नाव तिला माहीत नव्हतं. त्याच्या बायकोला लावला, ती म्हणाली निळं गेट आहे, समोर ट्रक धुतात. एवढ्यावर मैत्रीण निघाली. मी जाते म्हटलं तर म्हणाली, “तू इथे थांब. त्या बाईजवळ कुणीतरी हवं. आणि मला काहीतरी करू दे.”

मी आणि बहीण रक्तपेढीच्या बाकावर बसून राहिलो. दुपार उतरली. रक्त घेतल्यावरही ते तपासायला काही तास जातात; तेव्हा उशीर नुसता उशीर नव्हता, तो पुढच्या प्रत्येक गोष्टीतून वजा होत होता. समाजसेवेच्या बाई दोनदा येऊन आमच्याकडे नुसतं बघून गेल्या. मी फोनवर ती यादी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. हिरवी पट्टी. भरपूर जागा. एवढ्या जागेची मला किळस आली.

बहीण एकदाच बोलली. “आम्हाला वाटायचं तुमच्याकडे लिहिलंय म्हणजे झालं. माझं काही झालं तर भावांना तुम्ही शोधाल.”

हे मला त्या दिवसापर्यंत सुचलंच नव्हतं. त्या तिघांसाठीसुद्धा ती यादी होती. उद्या या तिघांतल्या कुणाला रक्त लागलं असतं, तर तेही आम्हालाच फोन करणार होते.

संध्याकाळच्या आत मैत्रीण आली. तिच्यामागे गोदामाचा पिवळं जाकीट घातलेला धाकटा. त्याच्या मुकादमाशी ती गेटवर भांडली होती, हे तिच्या बसलेल्या आवाजावरून कळलं.

“मॅडमनी सांगितलं पोलीस घेऊन येते,” तो म्हणाला. “मुकादमाला वाटलं मी काहीतरी केलंय. उद्या जाऊन सांगायला लागेल, चोरी नाय, रक्त.” मग त्याला बहिणीचे डोळे दिसले. “तायडे, तू दिलंस?”

“घेत नाहीत माझं.”

“खात नाहीस ना. सांगत होतो.” तिच्या डोक्यावर त्याने हलकी टपली मारली आणि आत गेला.

त्याचं हिमोग्लोबिन तपासताना मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. मला बघवेना. “चालेल,” असं मागून ऐकू आलं, तरी मी वळले नाही; चुकून दुसऱ्या कुणाचं असेल असं वाटलं. पिशवी भरत आली तेव्हाच मी त्याच्याकडे पाहिलं. तो डोळे घट्ट मिटून पडला होता. सुईला घाबरतो हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

एका पिशवीवर डॉक्टर तयार होतील का, हा पुढचा घोर होता. त्यांनी आपसांत बराच वेळ चर्चा केली आणि शेवटी ठरवलं की थांबण्यात जास्त धोका आहे. तपासण्या झाल्या, जुळणी झाली, आणि पहाट व्हायच्या बेताला मुलीला आत नेलं. आम्ही सगळे तिथेच होतो. तिच्या आईचे नुसते ओठ हलत होते.

मुलगी झाली. आई वाचली. दोन्ही वाक्यं परिचारिकेने एकाच श्वासात सांगितली. तिच्या तोंडून दुसरं वाक्य यायच्या आधीचा जो अर्धा क्षण होता, तो माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. बाळाच्या आजीने धाकट्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, “खंयचो रे तू?” तो म्हणाला, “लालबागचा,” आणि मग जरा थांबून, “म्हणजे होतो.”

बहीण आणि भाऊ गेल्यावर मी आणि मैत्रीण हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसलो. चहा आला. कुणी पिईना. तिने लॅपटॉप उघडून ती नंबरांची फाइल माझ्याकडे वळवली. तिघांची आठवण मला होती म्हणून त्यातली दोघं सापडली. बाकीच्या नंबरांमागे कोण होतं ते आमच्यातल्या कुणालाही आठवत नव्हतं, आणि पुसला गेलेला माणूस कधी तक्रार घेऊन येत नाही. त्याला माहीतच नसतं.

“सगळ्यांना परत फोन करायचे?” तिने विचारलं.

“सगळ्यांना.”

“आणि जागा?”

“तीन तुकडे करू, चार करू. शोधताना चारही उघडू. आणि साहेबांकडे जायचं नाही.”

“ते मी म्हटलंच नाही आत्ता,” ती म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा किंचित हसली.

उजाडून बराच वेळ झाला होता. फोन करायला हरकत नव्हती. ती एकवीस वेळा आलेला नंबर वाचत गेली आणि मी लावला. रिंग गेली. एका म्हाताऱ्या माणसाने उचलला. मी कोण, कुठून बोलतेय ते सांगितलं आणि विचारलं, “आजोबा, या नंबरावर रक्तदानाला आणखी कुणाकुणाची नावं दिली होती?”

 त्यांचा आवाज एकदम दबका झाला.

“का? कुणाला काय झालं?”

“काही नाही झालेलं, आजोबा,” मी म्हणाले.  “सगळ्यांची नावं सांगा. सावकाश सांगा. मी लिहून घेतेय.”